नागलीतली कच आणि ६ लाखांचा प्रकल्प

नाशिकच्या दुकानदाराने नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची २० पाकिटं परत केली. "ताई, भाकरीत कच लागते." चूक त्याची नव्हतीच. आम्ही नागली अंगणातच झोडतो. खडे अगदी दाण्याएवढे, सासूबाईंनी कितीही पाखडलं तरी एखादा राहतोच. आमच्या सुरगाणा तालुक्यात नागली पिकते, पण व्यापारी ती पोत्याने उचलतो आणि पीठ होतं शहरात. बचत गटात दोन महिने चर्चाच चालली, शेवटी मी एकटीनेच ठरवलं: खडे काढायचं मशीन आणि चक्की घ्यायची.

कृषी कार्यालयात प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचं कळलं. अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. माझा प्रकल्प ६ लाखांचा, त्यातले दहा टक्के, म्हणजे ६० हजार, स्वतःचे घालायचे. दोन बोकड विकले, बाकी भिशीतून. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, फुकट असते, तरी सायबर कॅफेवाल्याने ५०० रुपये घेतले. अन्न परवान्याची मूळ नोंदणी वर्षाला १०० रुपये. प्रकल्प अहवाल योजनेने नेमलेल्या माणसाने करून दिला. त्यांचं मानधन सरकार देतं, कुणी मागितलं तर देऊ नका.

खरं घोडं अडलं बँकेत. साहेब म्हणाले, तारण काय? जमीन सासऱ्यांच्या नावावर, तीही आदिवासी खातेदाराची. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे अशी जमीन बिगर-आदिवासीला सहज विकता येत नाही, म्हणून बँकेला ती नकोशी. घराचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, दाखवला, तोही सासऱ्यांचाच. तीन वेळा वणीमार्गे एसटीने नाशिक गाठलं. तिसऱ्यांदा योजनेचे तेच गृहस्थ सोबत आले. सूक्ष्म उद्योगाला १० लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा तेव्हाचा नियम त्यांनी टेबलावर ठेवला. साहेब बराच वेळ वाचत बसले, मग शिपायाला चहा सांगितला. तेव्हा वाटलं, आता होईल.

गावात अजून समज आहे की मला २ लाख १० हजार रोख मिळाले. तसं नसतं. अनुदान बँकेतच वेगळ्या खात्यात पडून राहतं, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता हातात पडल्यापासून ३ वर्षं परतफेड नीट झाली आणि युनिट चालू असलं, तरच ते कर्जात वळतं होतं.

मशीन आलं मे महिन्यात. ते चालवायला लागणारं थ्री फेज वीज कनेक्शन आलं सप्टेंबरात. मधले चार महिने हप्ते भरत होते, आणि मशीनवर पोतं टाकलेलं, त्यात कोंबडी अंडी घालायची. कर्ज मागायला जाणारीला मी आता आधी विचारते, तुझ्या वाडीत थ्री फेज आहे का?

पहिलं पीठ निघालं तेव्हा सासूबाईंनी चिमूटभर दाताखाली धरलं, बराच वेळ चावलं. मग काही न बोलता सूप भिंतीला टांगलं. परवा बघितलं तर पुन्हा पाखडत होत्या.