चौथं झेंडावंदन

सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या मावसभावाला मी सांगायचो, आमच्याकडं मराठवाड्यात झेंडावंदन वर्षातून चारदा असतं. त्याला वाटायचं, मी थापा मारतोय. सव्वीस जानेवारी, एक मे आणि पंधरा ऑगस्ट त्याला ठाऊक होते. सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्याच्या शाळेत नव्हताच.

आमची शाळा जुन्या गावात, भर बाजारात. मागंच भांड्यांची गल्ली, त्यामुळं आत कविता आणि बाहेर ठोके. पाटीवर ‘बहुविध प्रशाला’, पण सगळं गाव म्हणायचं मल्टीपर्पज. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानं पुस्तकांच्या जोडीला हातकामाचंही शिक्षण देणाऱ्या शाळा सुचवल्या, तेव्हाचं हे नाव. आमच्या वेळेला त्यातली सुतारकामाची एक खोली तेवढी उरली होती. तिच्यात गॅदरिंगचे पडदे ठेवायचे. माझे आजोबा मात्र शेवटपर्यंत ‘फोकानिया’च म्हणत. निजामाच्या राज्यात हायस्कूलला तोच शब्द होता.

गॅदरिंग संक्रांतीनंतर. बाकं जोडून स्टेज, वर ताडपत्री. एका वर्षी शिपायाच्या कामात माझी मिशी गळून पडली, पुढची दोन वर्षं मला ‘हवालदार’ म्हणत. असो.

खरा कार्यक्रम सप्टेंबरचा. बहुतेक गणपतीचे दिवस, मैदानात चिखल, पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची वाट लागलेली. पाहुणे दरवर्षी तेच. मागच्या गल्लीतले एक वयस्कर स्वातंत्र्यसैनिक, याच शाळेचे विद्यार्थी. भाषणही ठरलेलं: देश सुटला तरी आपण तेरा महिने अडकून होतो, ते स्वतः शाळा सोडून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात कसे गेले, १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला. मागच्या रांगेतली पोरं त्यांच्याआधी पुढचं वाक्य म्हणायची.

नववीत मी मॉनिटर. पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं उभा होतो. सहज कागदाकडं नजर गेली, तर अक्षरं उर्दू! तोंडानं अस्सल मराठी चाललेली आणि बोट उजवीकडून डावीकडं सरकतंय. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. खाली उतरताना म्हणाले, “शाळा सगळी उर्दूत झाली बाळा. मराठी घरातली. बोलता येते, लिहायला हात वळत नाही.”

ज्या राजवटीविरुद्ध ते उभे राहिले, तिचीच लिपी हातात राहिली, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. त्यांना त्याचं काहीच वाटत नसावं.

मग बुंदीचे पुडे. ते वाटायला खुर्ची टाकून स्वतः बसत आणि मोजत उर्दूत: ग्यारह, बारह, तेरह... आमच्यातला एकजण रांगेत दुसऱ्यांदा घुसला, तर मान वर न करता म्हणाले, “ठहरो मियाँ. तू सातवा होतास.”