वाट न पाहणारे फळ

केळी हिरवी आणून घरात पिकवता येतात. आंबा आढीत घालता येतो, चिकू तांदळाच्या डब्यात दडवता येतो. संत्र्याला असली मुदतवाढ मिळत नाही. देठापासून सुटले त्या दिवशी ते जितके गोड होते, तितकेच गोड. मग ते उन्हात ठेवा, अंधारात ठेवा, नाहीतर देवापुढे ठेवा. केळ्याच्या पोटात पिष्टाचा साठा असतो, पिकताना त्याची साखर होते. संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्याकडे अशी शिल्लक जवळपास नसतेच. पानांनी केलेली साखर देठातून येत असते. देठ तुटला की आवक बंद.

म्हणजे सगळी अक्कल घेतानाच वापरावी लागते. एकदा पिशवीत पडल्यावर दुरुस्तीला वाव नाही. कदाचित म्हणूनच संत्र्यांच्या ढिगापुढे उभी राहिलेली माणसे इतकी गंभीर दिसतात. कोणी फळ दाबून पाहतो, कोणी नाकाशी धरतो, कोणी ढिगाच्या तळाचेच फळ हवे म्हणून वरची दहा गडगडवतो. आणि एक जण हमखास विचारतो, ‘गोड आहेत ना?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा फळवाला अजून जन्माला यायचा आहे.

रंगावर तर मुळीच जाऊ नये. केशरी म्हणजे पिकलेले आणि हिरवे म्हणजे कच्चे, हा हिशेब या कुळात चालत नाही. सालीतले हरितद्रव्य निघून जायला रात्रीचा गारवा लागतो. जिथे रात्रीही उबदार असतात, तिथे फळ आतून पुरते पिकून तयार असते आणि वरून हिरवेच राहते. उलट थंडी पडली की आत अजून आंबट असलेले फळही बाहेरून लालबुंद होऊन बसते. व्यापारातही हे गुपित जुनेच आहे. हिरवी फळे बंद खोलीत इथिलीन वायूत ठेवली की साल रंगते. गोडी होती तिथेच राहते. व्हॅलेन्सिया जातीची फळे तर झाडावर एकदा केशरी होऊन, उन्हाळा लागला की पुन्हा हिरवट होतात. पिकलेले फळ उलटे हिरवे होते, हे वाचले तेव्हापासून मी डोळ्यांवरचा विश्वास काढून घेतला.

विश्वास ठेवावा हातावर. सारख्या आकाराची दोन फळे दोन तळव्यांवर घ्यावीत आणि जे जड लागेल ते ठेवावे. जड म्हणजे रस, याहून मोठे शास्त्र त्यात नाही. मोसंबी घट्ट, बारीक छिद्रांची आणि पातळ सालीची असली तर उत्तम. संत्र्याची साल थोडी सैल असतेच, पण फळ आत खुळखुळ हलते आहे असे वाटले तर ते खुशाल परत ठेवावे. असली फुगीर संत्री दिसायला मोठी दिमाखदार असतात. सोलली की आत कोरडा चोथा.

सोलणे हा मात्र माझ्या मते निम्मा आनंद आहे, आणि हातांना वास लागू नये म्हणून सोललेल्या फोडी डब्यात भरून विकत घेणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचे नाही. अंगठ्याचे नख देठाशी रुतले की सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फुटतात आणि एक अदृश्य फवारा उडतो. या तेलात मुख्यतः लिमोनीन नावाचे द्रव्य असते. ते पेटतेही: मेणबत्तीच्या ज्योतीजवळ ताजी साल दुमडून पिळली तर चक्क ठिणग्या उडतात. (डोळ्यांत उडाले तर काय होते, ते प्रत्येकाला लहानपणापासून माहीत आहे.) मग पांढरे मऊ अस्तर, मग फोडींवरचे दोरे. दोरे निवडून काढणारे आणि दोऱ्यांसकट खाणारे असे जगाचे दोन भाग आहेत. मी दुसऱ्यातला. आळस हे एकमेव कारण.

फोड मधोमध उघडून पाहिली आहे का कधी? आत लांबट, टोकदार, रसाने टम्म फुगलेले दाणे असतात. ते खरे तर केस आहेत. फोडीच्या आतल्या अस्तरावर उगवलेली ही लव आत वाढत जाते आणि रसाने भरते. म्हणजे आपण मिटक्या मारत जे खातो ती रसाळ लव असते. हे जेवताना सांगू नये असा मला घरातून आदेश आहे.

रस काढून पिण्याला माझा विरोध नाही, पण काढला तर लगेच प्यावा. ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला कडू होतो, याचा दोष बहुधा भांड्यावर किंवा बियांवर जातो. बिया चिरडल्या तर कडवटपणा येतो हे खरेच. पण बी नसलेल्या ‘नेव्हल’ म्हणजे नाभीसंत्र्याचा रसही तासा-दोन तासांत कडवट होतो. अखंड फळात असलेला एक बेचव पदार्थ पेशी फुटल्या की आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाचे (सालीतल्या लिमोनीनहून वेगळे) कडू द्रव्य बनते. फोड चावून खाणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही, कारण तोवर काम आटोपलेले असते.

या फळाला साठवून ठेवण्याच्या नादात एका फार हुशार माणसाची फसगत झाली आहे. 20 मे 1747 रोजी ब्रिटिश नौदलातला शल्यवैद्य जेम्स लिंड याने ‘सॅलिसबरी’ या जहाजावर स्कर्व्ही हा आजार झालेले बारा खलाशी निवडले. हिरड्या सुजलेल्या, गुडघ्यांत जोर नाही. त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. एकीला शिर्का, एकीला चक्क समुद्राचे पाणी, आणि एकीला रोज माणशी दोन संत्री आणि एक लिंबू. ती जोडी फळांवर तुटून पडली. सहाव्या दिवशी जहाजावरची फळेच संपली, पण तोवर एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता आणि दुसराही बाकी सगळ्यांपेक्षा सुधारला होता. समुद्राच्या पाण्यावर ठेवलेल्या दोघांचे त्या सहा दिवसांत काय मत झाले असेल, कोण जाणे.

लिंडने हे सगळे 1753 साली ग्रंथात छापले. पुढे प्रश्न आला, महिनोन्‌महिने समुद्रात ताजी फळे कुठून आणायची? त्याने उपाय सुचवला: रस मंद आचेवर तासन्‌तास आटवून घट्ट पाक करायचा आणि बाटलीत भरायचा. टिकायला उत्तम, पण ज्यामुळे खलाशी बरे झाले तेच आटवण्यात बरेचसे नष्ट झाले. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळू लागायला 1795 उजाडले. खलाशांना बरे करणारे जीवनसत्त्व क हे काय प्रकरण आहे, ते तर विसाव्या शतकात कळले. त्यावरच्या कामाचा मोठा वाटा असलेल्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना 1937 चे नोबेल मिळाले, आणि गंमत म्हणजे त्यांना हे द्रव्य भरपूर प्रमाणात मिळाले ते संत्र्यात नव्हे, हंगेरीतल्या लाल मिरच्यांत. संत्र्याने इतकी शतके मिरवलेला मान मिरचीने ऐनवेळी पळवला.

तेव्हा हंगामात खावे आणि हंगाम सरला की सोडून द्यावे, हे बरे. शेवटी शेवटी येणारी संत्री फसवी असतात. दाणे घट्ट, फिके, दाताखाली करकरीत होतात. तरी माणूस घेतो, कारण ढीग अजून दिसत असतो.

माझ्या या सगळ्या युक्तिवादाला एकच फळ दाद देत नाही, ते म्हणजे पपनस. तेही झाडावरून उतरल्यावर अधिक गोड होत नाही, पण इतकी जाड साल घेऊन आलेले असते की कित्येक आठवडे टेबलावर डौलात बसून राहते. कुळातही मान मोठा: अस्सल जुन्या जातींपैकी ती एक. मोसंबीसारखी गोड फळे पपनस आणि संत्रे यांच्या जुन्या संकरातून आली, आणि ग्रेपफ्रूट म्हणजे त्या गोड फळाचा पपनसाशी पुन्हा झालेला संकर. मात्र याच्या फोडीवरचा पापुद्रा कडू, तो प्रत्येक फोडीचा वेगळा सोलावा लागतो, दाणे सांडतात, हात चिकट होतात. एकट्याने पपनस फोडायला बसू नये. एकाने सोलावे, दुसऱ्याने खावे, आणि दुसरा कोण असणार हे सुरी हातात घेण्याआधी ठरवून घ्यावे.