ग्रँड रिव्हिएरला जायचं असेल तर: लेदरबॅक कासवं, पावी आणि गावचे वाटाडे

वेळासच्या कासव महोत्सवात आईने पिल्लं तीनदा पाहिली आहेत. मादी मात्र एकदाही नाही. मंडणगड तालुक्यात माहेर असून, लहानपणी वाळूत अंडी सापडल्याच्या गोष्टी ऐकून, सत्तरीपर्यंत तिला अंडी घालणारं कासव दिसलं नव्हतं. ते दिसलं कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, ग्रँड रिव्हिएर नावाच्या गावात. मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. मी, नवरा आणि आई. बहीण न्यू जर्सीत असते, तिच्याकडे जाताना वाट वाकडी केली होती. कुणाला तसं करायचं असेल तर त्यांच्यासाठी हे सगळं लिहितेय.

नावाचा अर्थ फ्रेंचमध्ये ‘मोठी नदी’. गाव मात्र लहान: एक रस्ता, त्याच्या कडेने घरं, मागे जंगलाने भरलेला डोंगर आणि पुढे जेमतेम किलोमीटरभर किनारा. एवढ्याशा वाळूवर हंगामाच्या भरात एका रात्रीत तीनशेहून जास्त लेदरबॅक माद्या अंडी घालायला येतात. इतकी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. लेदरबॅक म्हणजे जगातलं सर्वांत मोठं समुद्री कासव. पाठीवर टणक कवच नाही, चामड्यासारखी काळी त्वचा आणि तिच्यावर लांबीभर सात कंगोरे. आपल्या कोकणात येणारं ऑलिव्ह रिडले चाळीस-पन्नास किलोचं असतं. ही मादी तीनशे-चारशे किलोची सहज असते. भारतात लेदरबॅक अंडी घालतात ती मुख्यतः अंदमान-निकोबारमध्ये, तिथल्या ग्रेट निकोबार बेटावरचा गलाथिया उपसागर त्यासाठी प्रसिद्ध आहे.

आधी लशीचं सांगते, कारण हे ऐनवेळी कळून उपयोग नाही. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत भारत सरकारने त्रिनिदादही घेतलं आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लसीकरणाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं. घरातलं कुणी साठीच्या पुढचं असेल तर ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात. आम्ही परतीच्या वाटेवर दोन आठवडे बहिणीकडे थांबणार होतो, तरी आईच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलूनच ठरवलं.

पियार्को विमानतळावरून गावाला पोचायला सुमारे अडीच तास लागतात. व्हॅलेन्सियापर्यंत रस्ता सरळ आहे. पुढे टोकोचा रस्ता लागतो आणि मातुरा, बालांद्रा, टोको, सान सूसी करत समुद्राच्या कडेकडेने वळणं घेत जातो. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे नवऱ्याला भाड्याची गाडी चालवायला त्रास झाला नाही. तरी हा रस्ता अंधारात पार करू नका. अरुंद आहे, आणि पावसात दरड येते. पेट्रोल आणि रोख त्रिनिदादी डॉलर व्हॅलेन्सिया किंवा सांग्रे ग्रांदेच्या आसपासच घेऊन ठेवा, पुढे त्यांचा भरवसा नाही. गाडी नको असेल तर सांग्रे ग्रांदेहून मॅक्सी मिळते. मॅक्सी म्हणजे आपल्या वडापसारखी भरली की सुटणारी छोटी बस. सकाळी लवकर गाठलेली बरी.

सांग्रे ग्रांदेला थांबलात तर रस्त्यावरचे ‘डबल्स’ खा. दोन मऊ तळलेल्या ‘बारा’, मध्ये छोल्याची पातळ उसळ, वर चिंच आणि मिरचीचं तिखट. ‘बारा’ म्हणजे आपला वडाच, भोजपुरी माणसांबरोबर गेलेला. 30 मे 1845 रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना घेऊन त्रिनिदादला लागलं आणि 1917 पर्यंत तशी जहाजं येत राहिली. 30 मे हा तिथे सुट्टीचा दिवस असतो, आणि तो ऐन कासवांच्या हंगामात येतो. त्या दिवसांत राहण्याची जागा फार आधी ठरवावी लागते.

आता मुख्य मुद्दा, परवाना आणि गाईड. 1 मार्च ते 31 ऑगस्ट हा संरक्षित हंगाम. या काळात रात्री परवान्याशिवाय किनाऱ्यावर पाऊल टाकता येत नाही. परवाना वनविभागाचा असतो, पण त्यासाठी धावपळ करावी लागत नाही. गावच्या गाईड मंडळींची स्वतःची संघटना आहे आणि किनाऱ्याजवळच्या केंद्रावर ती सगळं बघते. राहण्याच्या जागेलाच आधी कळवून ठेवा, म्हणजे रात्रीच्या गटात नाव लागतं. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत भरगच्च. पिल्लंही पाहायची असतील तर मेअखेर किंवा जून निवडा, कारण अंडी फुटायला साधारण साठ दिवस लागतात आणि मार्चमधल्या अंड्यांची पिल्लं तेव्हा बाहेर पडत असतात.

आमची गाईड पन्नाशीची बाई होती. अंधारात समोर आली आणि म्हणाली, “गुड नाईट.” आई गोंधळली, निघायच्या आधीच निरोप कसा? तिथे रात्री भेटल्यावर नमस्कारासारखं ‘गुड नाईट’च म्हणतात. आईला ती लगेच ‘टांटी’ म्हणू लागली, म्हणजे मावशी. मग तिने नियम सांगितले. पांढरा उजेड नाही, मोबाईल खिशात, फ्लॅश तर नाहीच. कासवाच्या तोंडासमोर जायचं नाही, गाईडच्या मागे एका ओळीत चालायचं. बॅटरी एकच, लाल रंगाची, आणि ती तिच्याच हातात.

चंद्र नव्हता. दहा-पंधरा पावलांवर एक मोठा सुस्कारा ऐकू आला. थकलेला बैल बसताना सोडतो तसा. मग डोळे सरावले आणि वाळूवरचे काळे उंचवटे हलताना दिसले. एक नाही, मोजता येऊ नयेत इतके. बाईंनी एक मादी निवडली आणि आम्हाला तिच्या मागे बसवलं. मागचे दोन पाय आळीपाळीने खाली जात होते. एक पाय ओंजळीसारखा वळून वाळू वर काढायचा, तोवर दुसरा बाजूची वाळू झटकायचा. हाताएवढा खोल खड्डा, आणि तो तिने एकदाही न बघता खणला. मग अंडी पडू लागली, बिलियर्डच्या चेंडूएवढी, ऐंशीच्या आसपास, आणि शेवटी काही लहान, बलक नसलेली. अंडी घालायला लागली की ती तंद्रीत जाते, तेवढ्या वेळातच लाल उजेडात जवळून पाहू देतात. डोळ्यांतून चिकट पाणी वाहत होतं. ते अश्रू नाहीत, अंगातलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांवाटे बाहेर टाकते. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “असू दे. बाळंतिणीच्या डोळ्याला पाणी येतंच.”

ही मादी एका हंगामात दर नऊ-दहा दिवसांनी परत येते, असं कितीतरी वेळा. मग दोन-तीन वर्षं येत नाही. मधल्या काळात ती जेलीफिश खात थेट कॅनडाजवळच्या थंड पाण्यापर्यंत पोहून येते.

त्याच रात्री एक गोष्ट अशी घडली की अजून मनातून जात नाही. एक जोडपं गाईडशिवाय, कुठल्यातरी आडवाटेने किनाऱ्यावर आलं होतं. त्यांनी मोबाईलचा दिवा लावून नुकत्याच पाण्यातून वर आलेल्या मादीवर रोखला. ती थांबली, वळली आणि अंडी न घालता समुद्रात परत गेली. आमच्या बाई धावत गेल्या, पण ओरडल्या नाहीत. दिवा बंद करायला लावला आणि त्या दोघांना आपल्या गटात घेऊन सगळं पहिल्यापासून समजावलं. नंतर त्यांनी सांगितलं, मागच्या पिढीत याच किनाऱ्यावर मांसासाठी कासवं मारली जायची. कासव मारण्यावर 2011 पासून वर्षभर बंदी आहे, पण गावाने त्याच्या कितीतरी आधी रात्रीची गस्त सुरू केली होती. दक्षिणेकडच्या मातुरा गावात ‘नेचर सीकर्स’ ही संस्था 1990 पासून हेच काम करते. परवान्याचा कागद आपण खिशात ठेवतो, पण ती वाळू राखली जाते या माणसांच्या जागरणाने. म्हणून गाईडच्या पैशात घासाघीस करू नका. दर आधी विचारा आणि रोख द्या.

पहाटे साडेपाचला पुन्हा किनाऱ्यावर या, एवढी विनंती आहे. बहुतेक पाहुणे रात्रीच्या फेरीनंतर झोपून राहतात. पण उशिरा आलेल्या एक-दोन माद्या उजेडात परत जाताना दिसतात आणि मग त्यांचा आकार खऱ्या अर्थाने कळतो. त्याच वेळी दुसरी बाजूही दिसते. जागा इतकी कमी की नंतरची मादी आधीचीच अंडी उकरते. उघडी पडलेली अंडी खायला काळी गिधाडं, म्हणजे तिथले ‘कोर्बो’, आणि कुत्री टपलेली असतात. नदीचं मुखही सरकत राहतं आणि वाळू कापतं. जुलै 2012 मध्ये पात्र वळवायला यंत्रं आणली, तेव्हा असंख्य अंडी आणि पिल्लं चिरडली गेली. गावात अजून त्या दिवसांबद्दल हळू आवाजात बोलतात.

बहुतेक लोक एक रात्र राहून निघतात. आम्हीही आधी एकच रात्र ठरवली होती, पण पावसाने अडकलो आणि फार चांगलं झालं. नाहीतर पावी दिसला नसता. पावी हा टर्कीएवढा काळा पक्षी, पंखांवर पांढरे पट्टे, चेहरा आणि गळ्याची लोंबती कातडी निळी. जगात फक्त त्रिनिदादमध्ये आहे आणि तिथेही अगदी थोडे उरलेत. शिकारीने आणि जंगलतोडीने ही वेळ आली. गावामागच्या जुन्या बागेत तो पहाटे जायफळाच्या झाडांवर येतो. पक्ष्यांचा गाईड वेगळा असतो, तो आदल्या दिवशीच ठरवावा लागतो. आईला जायफळ ओळखायला गाईडची गरज पडली नाही. खाली पडलेलं फळ उचलून तिने जायपत्री सोलून दाखवली. त्याला फार आनंद झाला आणि मग त्या दोघांची झाडांवरून जुगलबंदीच सुरू झाली: नीरफणस, चिंच, आंबा. कोकोच्या बागेत सावलीसाठी लावलेल्या उंच ‘इमॉर्टेल’च्या झाडाकडे बघून ती म्हणाली, “हा पांगाऱ्याचा भाऊबंद.” खरंच तसं आहे, दोन्ही एकाच कुळातली.

त्याने कोकोचं फळ दगडावर फोडून दिलं. आतला पांढरा गर सीताफळासारखा बियांना चिकटलेला, आंबटगोड. बी चावायची नाही, गर चोखून टाकायचा. वर झाडांना हातभर लांबीची घरटी लटकत होती, आपल्या सुगरणीच्या खोप्याची थोरली बहीण शोभावी अशी. पक्षी काळा, शेपटी पिवळी. तिथे त्याला ‘कॉर्नबर्ड’ म्हणतात.

धबधबाही पाहायचा असेल तर त्याच्या वाटेवर नदी बऱ्याच वेळा ओलांडावी लागते. पाणी गुडघ्याच्या आत असतं, पण डोंगरात पाऊस झाला की बघता बघता चढतं. गाईड ‘आज नको’ म्हणाला तर त्याचं ऐका. आम्हाला तो एक दिवस नाही म्हणाला आणि दुपारी त्या पात्राकडे पाहून त्याचे आभार मानले. पायात चांगली पकड असलेले बंद बूट हवेत, चपला नकोत. जंगलात ‘मापेपिरे’ नावाचा विषारी साप आहे, त्यामुळे हात कुठे टेकवायचा हेही बघावं लागतं. आई अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि नदीकाठच्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसली. पोहायचं असेल तर नदीतच पोहा. समुद्राच्या लाटा तिथे जोरदार असतात.

बाकी किरकोळ. वाळूत बारीक चावऱ्या माश्या असतात, म्हणून संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वीज 115 व्होल्टची, पिना अमेरिकेसारख्या. शाकाहारी असाल तर आधी सांगा. भात, डाळ, कॅलालूची पालेभाजी आणि वांग्याचा ‘चोखा’ सहज करून देतात. चोखा म्हणजे आपलं भरीतच.

शेवटच्या संध्याकाळी पिल्लं निघाली. तळहातात मावतील एवढी, काळी, कंगोऱ्यांवर पांढऱ्या रेघा. बाईंनी आईला कोर्बो हाकलायच्या कामाला लावलं आणि आई पदर खोचून पाऊण तास किनाऱ्यावर टाळ्या वाजवत फिरली. नंतर तिने मोबाईलमधले वेळासचे फोटो उघडून बाईंना दाखवले: जाळीचं कुंपण, त्यात वाळूत पुरलेली अंडी, वर ठेवलेल्या टोपल्या, टोपली उचलताच दिसलेली पिल्लं. बाईंनी विचारलं, अंडी उचलून कुंपणात का नेता? आई म्हणाली, आमच्याकडे कासवं थोडी येतात, म्हणून एकेक घरटं शोधून राखावं लागतं. मी मध्ये भाषांतर करत होते. बाईंनी हाक मारून आणखी दोघा गाईडना बोलावलं, आणि आई पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू झाली.