लॅपटॉप आणण्याआधी प्लग मोजा

इकडे अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूलांत आज मुलांच्या दप्तरात शाळेने दिलेला लॅपटॉप असतो. राज्याच्या पातळीवर ही सुरुवात मेन राज्याने केली. २००२ साली तिथे सातवीच्या मुलांना सरकारी खर्चाने लॅपटॉप मिळाले, पुढच्या वर्षी आठवीला, आणि हायस्कूलची पाळी २००९ मध्ये आली. या वर्षांत इकडच्या शाळांनी पैसे मोजून केलेल्या चुका सोलापूरच्या शाळांना फुकटात टाळता येतील. आपल्या जिल्ह्याला तंत्रज्ञानाचं वावडं नाहीच. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग रणजितसिंह डिसले यांनी परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत केला. फरक एवढाच, की पुस्तकावरचा कोड रोज चार्ज करावा लागत नाही.

म्हणून आधी विजेचं बघू. एका वर्गाचे ३० लॅपटॉप आणि प्रत्येकी ४५ वॉटचा चार्जर धरला तर १३५० वॉट होतात. इकडे १२० व्होल्टवर हा भार ११ अँपिअरच्या पुढे जातो. मग १५ अँपिअरच्या त्याच सर्किटवर कुणी हीटर लावला की ब्रेकर पडलाच. आपल्याकडे २३० व्होल्टवर तोच भार ६ अँपिअरच्या जरासा आत बसतो, पण अगदी काठावर. ६ अँपिअरच्या साध्या प्लगला एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दुसरा बोर्ड अशी आगगाडी जोडली की प्लग तापून काळा पडतो. चार्जिंगच्या कपाटाला १६ अँपिअरचा वेगळा प्लग, वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा ब्रेकर) आणि खरीखुरी अर्थिंग हवी. दहा-दहाच्या गटाने आळीपाळीने चार्ज करणारा टायमर असेल तर उत्तम. कपाटाच्या मागे वारा खेळायला जागा सोडा. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून उन्हाच्या बाजूला ठेवलं तर आत भट्टी होते.

इकडे नियम असा, की मुलांनी घरून पूर्ण चार्ज करूनच आणायचं. जिथे रात्री वीज असेलच असं सांगता येत नाही, तिथे हा नियम पहिल्याच आठवड्यात कोलमडेल. त्यामुळे पहिलं वर्ष लॅपटॉप शाळेतच ठेवावेत आणि घरी नेण्याची परवानगी नंतर द्यावी.

लॅपटॉप पडून फुटतो हे सगळ्यांना कळतं. तो मिटताना फुटतो, हे मात्र फुटल्यावरच कळतं. कळफलकावर पेन्सिल किंवा इअरफोन राहतो, वरून झाकण दाबलं जातं आणि स्क्रीनवर कोळ्याचं जाळं उमटतं. दुसरी खोड म्हणजे उघडा लॅपटॉप स्क्रीनचा कोपरा धरून उचलणं. त्याने बिजागरी सैल होते. तिसरी, वायर लावलेली असतानाच जागेवरून उठणं. त्यात चार्जिंगचं तोंड जातं. दप्तरात पाण्याची बाटली आणि लॅपटॉप शेजारी नकोतच. बाटली गळली नाही तरी तिचा दाब पडतो. हे सगळं वाटपाच्या दिवशी दहा मिनिटांत हातात धरून दाखवावं, परिपत्रकात लिहून काही होत नाही.

दर शंभरामागे निदान ५-६ लॅपटॉप राखीव ठेवावेत, आणि तेही त्याच मॉडेलचे. मॉडेल एक असलं की एकाची स्क्रीन दुसऱ्याला बसते. बिघडलेला लॅपटॉप देऊन मुलाला त्याच दिवशी दुसरा मिळाला नाही, तर शिक्षक आठवडाभरात पुन्हा खडू-फळ्याकडे वळतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. क्रोमबुकमध्ये, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये, मुलाचं काम इंटरनेटवरच्या त्याच्या खात्यात असतं, त्यामुळे बदली लॅपटॉपवर पाच मिनिटांत गाडी रुळावर येते.

क्रोमबुक घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. शाळेच्या व्यवस्थापनात ते नोंदवायचं असतं ते पहिल्या वेळी सुरू केल्यावर, कुणीही लॉगिन करण्याआधी, कंट्रोल, ऑल्ट आणि ई या कळा एकत्र दाबून. घाईत कुणी आधी लॉगिन केलं तर सगळं पुसून परत सुरुवात. दुसरं म्हणजे, नव्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतात, पण ती वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नव्हे. स्वस्तात मिळणारा जुना साठा इथेच महाग पडतो.

लॅपटॉपवर बंधनांचं कुलूप किती लावायचं, यात इकडेही हात पोळले आहेत. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मुलांनी शाळेच्या आयपॅडवरची, बंधनं घालणारी प्रोफाइल काढून टाकून सगळी बंधनं झुगारली. उलट टोकाला, २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळा-प्रशासनावर, हरवलेले लॅपटॉप शोधण्याच्या सोयीतून मुलांचे घरातले फोटो कॅमेऱ्याने टिपल्याबद्दल खटला झाला. ६ लाख १० हजार डॉलर देऊन तो मिटवावा लागला. दूरून कॅमेरा चालू करणारी सोय बंदच ठेवावी, आणि पालकांच्या करारात तसं साध्या मराठीत लिहावं.

टायपिंगचा विचार मात्र इकडचं पाहून होणार नाही. सोलापुरात मराठीच्या शेजारी कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत. या सगळ्यांसाठी सर्वांत सोयीची मांडणी म्हणजे इन्स्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला प्रमाण कळफलक. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि ज्या कळेवर मराठी ‘क’ त्याच कळेवर कन्नड आणि तेलुगू ‘क’. एकच तक्ता भिंतीला लावून तिन्ही माध्यमांच्या मुलांना एकत्र शिकवता येतं. उर्दूचा कळफलक तेवढा वेगळा. रोज पंधरा मिनिटं दिली तरी पुरे, पण सुरुवात इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याने करू नये. ती सवय मग सुटत नाही.

राहता राहिला मे महिना. सुट्टीत लॅपटॉप पूर्ण चार्ज करून पत्र्याच्या खोलीत ठेवले, तर सोलापूरच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. बॅटरी साधारण निम्मी ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करावेत, स्लीपमध्ये नव्हे. तळमजल्यावरची, सावलीतली खोली निवडावी. जूनमध्ये कपाट उघडल्यावर प्रत्येक लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून पाहावा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे. तो दाबून बसवू नये, चार्जिंगला लावू नये. बाजूला काढून थेट दुरुस्तीवाल्याकडे द्यावा.