पन्नास वॉट आणि दिवाळीच्या माळा

हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, व्हीयू थ्री परवाना हातात आला तेव्हा वाटलं होतं, आता सेट लावायचा आणि जगाशी बोलायचं. पहिले तीन आठवडे मी कुणाशीच बोललो नाही.

पुण्यातली आमची सोसायटी चार मजली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला पीव्हीसीचा पाइप बांधून २० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे दोन तारांचा अँटेना, उलट्या व्हीसारखा सोडला. प्रत्येक तार साधारण पाच मीटर. एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळतोय त्याचं माप, एकच्या जवळ तेवढं चांगलं) आधी तीनच्या वर होता. टोकं दोन-दोन बोटं छाटत गेलो तेव्हा कुठे १.३ वर आला. तारा ताणायला नायलॉनची दोरी लावली होती. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणाची तरी चादर वाळत होती.

एवढं करून ऐकू काय आलं? घरघर. सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा सातच्या खाली उतरेना. मग सेलवर चालणारा शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर हातात घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. घरघर बरीच कमी झाली. एकेक एमसीबी चढवत गेलो तर आमच्याच राउटरचा चार्जर सापडला. उरलेल्या आवाजाचा माग काढत जिना उतरलो तो तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, एका स्वस्तातल्या एलईडी दिव्याखाली येऊन थांबलो. नवा दिवा आणून बसवून दिला. "तुझ्या त्या रेडिओवर विविध भारती लागते का रे?" काकूंनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला.

यानंतर जे शिकलो ते १४.१०० मेगाहर्ट्झवर. जगभरातली १८ बीकन (ठरावीक खुणेचा सिग्नल सोडणारी) स्टेशनं या एकाच फ्रीक्वेन्सीवर पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात. तीन मिनिटांत फेरी पूर्ण. मला मोर्स येत नव्हता, पण पाळ्या ठरलेल्या असल्यामुळे घड्याळावरून कळतं कोण चालू आहे ते. आधी कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव), मग चार लांब डॅश: १००, १०, १ आणि ०.१ वॉटचे. एका दुपारी चार वाजता इस्रायलच्या बीकनचा दुसरा डॅशही स्वच्छ ऐकू आला. म्हणजे दहा वॉट तिथून इथवर पोहोचत होते. माझ्याकडे तर पन्नास होते! गंमत अशी, की त्याच वेळी मुंबईचा हॅम मात्र ऐकू येत नव्हता. आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरावरून, परतलेली लाट जवळच्यांच्या डोक्यावरून जाते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड ही हॅमची फोन, म्हणजे मोर्सऐवजी आवाजात बोलायची, स्पर्धा असते, ४८ तासांची. तिथे प्रत्येकाला नवे देश आणि नवे झोन (स्पर्धेसाठी पाडलेले जगाचे विभाग) हवे असतात. भारत झोन २२ मध्ये, आणि युरोपच्या मानाने इथून बोलणारे थोडे. एरवी माझ्या पन्नास वॉटकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. त्या दिवशी एका इटालियन स्टेशनने गर्दीतून "व्हिक्टर युनिफॉर्म ओन्ली", म्हणजे फक्त व्हीयूवाले भारतीय बोला, म्हणून बाकीच्यांना गप्प केलं. माझी जीभच टाळ्याला चिकटली. कॉलसाइनची शेवटची अक्षरं दोनदा चुकलो, स्वतःची! मग "फाईव्ह नाईन टू टू": सिग्नल ५९, झोन २२. तिकडून "फाईव्ह नाईन वन फाईव्ह, थँक्यू". दहा सेकंदही नसतील. सहा हजार किलोमीटरहून लांब. आई चकल्या तळत होती, तिला सांगितलं तर म्हणाली, "एवढंच बोललास?"

चार ते सहामध्ये अकरा स्टेशनं झाली. बाराव्याने, स्पेनच्याने, माझा कॉल निम्मा पकडला आणि "अगेन, अगेन" करू लागला. तेवढ्यात दिवेलागण झाली. गॅलऱ्यांमधून दिवाळीच्या माळा लागल्या आणि काटा उडी मारून नऊवर गेला. मी तीनदा कॉल दिला. त्याने काय उत्तर दिलं, देव जाणे.

वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह घातलं. दोन्हीकडच्या नोंदी पडताळणाऱ्या लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन वहीत अकरापैकी नऊ जुळले आहेत, स्पेनचा अजून नाही. यंदा माळा मीच आणून देतो असं काकूंना सांगून ठेवलंय.