स्क्वॉटची वही, आठवडा १२: खुब्यांवर घेतलेला आळ मागे

या शनिवारी स्क्वॉटचे, म्हणजे खांद्यांवर बार घेऊन खाली बसून उठायच्या व्यायामाचे, ९० किलोवर पाच-पाचचे तीन सेट निघाले. आकड्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही, ८५ तर सुरुवातीलाही निघत होते. पण तेव्हा खालून उठताना बूड आधी वर यायचं आणि छाती मागाहून. म्हणजे स्क्वॉट कमी, गुडमॉर्निंग (बार खांद्यांवर घेऊन कमरेतून वाकून उठायचा व्यायाम) जास्त. या वेळच्या व्हिडिओत बार जवळपास सरळ रेषेत वर जाताना दिसतोय.

मागच्या नोंदीत मी सगळं खापर आखडलेल्या खुब्यांवर फोडलं होतं. दोन महिने रोज वीस मिनिटं बद्धकोणासन आणि कपोतासन केलं, फरक शून्य. शंका खरं तर आधीच यायला हवी होती, कारण मी उकिडवा आरामात बसतो. मग खुबे आखडलेले कसे? एकदा उकिडवं बसूनच बाजूने व्हिडिओ काढला. पाठ गोल, हात गुडघ्यांच्या पुढे लोंबलेले, आणि डावी टाच चक्क जमिनीपासून सुटलेली! खांद्यावर बार असला की यातली एकही सवलत मिळत नाही.

मग टेप काढला. माझी उंची १८१ सेंमी. खुब्याच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडापासून गुडघ्याच्या फटीपर्यंत ४७ सेंमी. माझ्याच उंचीच्या, जिममधल्या जोडीदाराचं तेच माप ४३. (टेपचं माप ढोबळच असतं, पण चार सेंमीचा फरक डोळ्यांनाही दिसतो.) तो स्क्वॉटमध्ये खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसतो, मी नमस्काराला वाकल्यासारखा. इतके दिवस ‘छाती वर, छाती वर’ ऐकून मला अपराधी वाटायचं.

गणित साधं आहे. बार आणि शरीर यांच्या एकत्र वजनाचा मध्य तळपायाच्या मध्यावर राहायला हवा, नाहीतर तोल जातो. मांडी आडवी झाली की लांब मांडीवाल्याचं बूड जास्त मागे जातं, आणि तोल सांभाळायला धड तेवढंच पुढे झुकतं. हे झुकणं चूक नाही, भूमिती आहे. ते कमी करायचं तर गुडघे पुढे जायला हवेत, आणि ती परवानगी खुबा नाही, घोटा देतो.

म्हणून भिंतीची चाचणी केली. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजायचं. उजवा १० सेंमी, डावा साडेसहा. कॉलेजात व्हॉलीबॉल खेळताना डावा पाय मुरगळला होता, त्याची वसुली आता चाललीय. टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट ठेवून बसलो तर धड त्याच मिनिटाला ताठ झालं. दोन महिन्यांच्या आसनांनी जे झालं नाही ते दोन प्लेटनी केलं, याचं हसू आलं आणि रागही.

खुब्यांचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता, फक्त वेगळा होता. अरुंद उभं राहिलं की तळाशी जांघेत पुढून चिमटा बसायचा. ताण मांडीच्या आतून किंवा मागून आला तर स्नायू समजावा. पुढून अडल्यासारखं वाटलं तर बऱ्याचदा हाडाला हाड टेकत असतं, आणि खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा प्रत्येकाची वेगळी. ती ताणून बदलत नाही. रांगायच्या स्थितीत बूड टाचांकडे नेत गुडघ्यांमधलं अंतर बदलून पाहिलं. कंबर सगळ्यात उशिरा गोल होते तेच अंतर स्क्वॉटला घेतलं, म्हणजे खांद्यांपेक्षा थोडं रुंद आणि चवडे बाहेर. चिमटा गेला. बारही मानेजवळून दोन बोटं खाली घेतला. झुकणं त्याने वाढतं, पण मला आता त्याची लाज वाटत नाही.

लांब हाडांचा फायदा डेडलिफ्टमध्ये, म्हणजे जमिनीवरचा बार हातांनी उचलून ताठ उभं राहण्यात, उकळायचा. हात लांब असले की बारपर्यंत कमी वाकावं लागतं. अमेरिकेच्या लमार गँटने १९८५ मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट केली, त्याचे हात गुडघ्यांशी पोचायचे. माझे तेवढे नाहीत, तरी १३० किलो निघतात.

प्लेटवर ९० च्या पुढे उभं राहणं डळमळीत वाटतं, म्हणून सुताराकडून दोन सेंमी उंचीची रुंद पाचर करून घेतलीय. डावा घोटा आठवर आलाय. पाचर काढायची की आयुष्यभर बाळगायची, ते तो दहावर पोचला की बघू.