फोन बंद पडल्यावर

"फोन बंद पडला, मग तिच्या आईने काय केलं असेल गं?" आज जेवताना आई एवढंच बोलली आणि हातातला घास तसाच राहिला.

मी तिला रॉझ सॅव्हेजचं सांगत होते, एकटीने अटलांटिक वल्हवत पार केला, कॅनरी बेटांतलं ला गोमेरा ते कॅरिबियनमधलं अँटिग्वा, १०३ दिवस, मार्च २००६ मध्ये पोचली, चारही वल्ही मोडली, तीच बांधूनजोडून वल्हवत राहिली, शेवटचे काही आठवडे तर सॅटेलाइट फोनपण गेला. माझं सगळं लक्ष वल्ह्यांवर.

आईचे बाबा हर्णैचे मच्छीमार. होडीला उशीर झाला की आजी चूल विझू द्यायची नाही, आल्यावर भात गरम हवा म्हणून.

तुमच्या घरात अशी वाट कुणी बघितलीये?